एका थरात कापलेल्या चौदा सकाळी

आमचा विभाग इस्पितळाच्या तळघरात होता, धुलाईखान्याच्या शेजारी. भिंतीपलीकडे मोठाली यंत्रं दिवसभर चादरी घुसळत असायची, आणि अलीकडे आम्ही लोकांना शांत झोपायला शिकवायचो. हा विनोद प्रत्येक पेशंट पहिल्याच भेटीत करायचा, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटायचं. वाफेचा आणि गरम सुताचा तो वास अजूनही कुठे आला, की माझी पाठ आपोआप ताठ होते. छत्तीस वर्षं झाली.

पाठ ताठ होते ती बाईंमुळे. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरला बोट लावलं तर कापेल असं वाटायचं. आम्ही शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाल्या, "नाव ठेवायला तरी तुम्ही दूर गेला नाहीत. शेजारच्या खोलीतूनच उचललंत." बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. जितका राग जास्त, तितकं 'तुम्ही' गार.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. शाळेतली समुपदेशकाची आठ वर्षांची नोकरी सोडून मी हे शिकायला आले होते: गोळ्या न देता, माणसाच्या सवयी आणि अंथरुणाच्या वेळा बदलून त्याचा निद्रानाश घालवायचा. दोन वर्षांचं प्रशिक्षण. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झोपायला शिकवायचं, आणि तेही आधी शिकून? आमच्याकडे पोरं न शिकता झोपली." ह्यांनी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "आई, ती घरी शिकून घेतेय. सराव तर रोज चालतो."

त्यात खोटं काही नव्हतं. आडवी झाले की मेले, अशी माझी ख्याती होती.

प्रशिक्षणाच्या शेवटी तीन पूर्ण केलेल्या केसेसवर बाईंची सही लागायची. तिसरी सही झाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तर त्याच विभागात जागा. शाळेतली माझी जागा केव्हाच भरली गेली होती. सही मिळाली नसती तर तेलही गेलं, तूपही गेलं, असं झालं असतं. आणि सासूबाईंना उरलेल्या आयुष्याला पुरेल इतका विषय मिळाला असता.

पण या सगळ्याच्या आधी बाईंचा एक नियम होता. जे औषध पेशंटला पाजायचं, ते आधी आपण प्यायचं. आमचं सगळ्यात कडू औषध म्हणजे अंथरुणाचे तास कापणं. झोप येत नाही म्हणून माणूस नऊ-नऊ तास पडून राहतो आणि त्यातले पाच तास झोपतो. मग त्याला सांगायचं, बाबा, पाचच तास पड. शरीर भुकेलं झालं की झोप घट्ट लागते, मग तास हळूहळू वाढवायचे. तर प्रत्येक शिकाऊने पहिल्याच महिन्यात चौदा दिवस हे स्वतःवर करायचं. अंथरूण रात्री एक ते सकाळी सहा. दिवसा डुलकी नाही. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर झोपेच्या वहीत एक ओळ लिहायची: कधी आडवं झालो, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, अंग कसं आहे.

पहिल्या रात्री मी साडेदहाला 'पाच मिनिटं' म्हणून सोफ्यावर टेकले, ती सकाळी सासूबाईंनी भांडी आपटली तेव्हा उठले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी मी नाद सोडला. मला वाटलं, मला निद्रानाश नाहीच, तर माझ्यावर प्रयोग कशाला? चौदाव्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसले, शेजारी पाठ्यपुस्तकातला आलेख उघडा ठेवला, आणि चौदा ओळी भरून काढल्या. पहिले तीन दिवस जरा वाईट दाखवले, मग हळूहळू चांगले. अगदी पुस्तकातल्यासारखे.

बाईंनी वही वाचली. मग पान तिरकं धरून उजेडात पाहिलं. "व्यवस्थित आहे," म्हणाल्या, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. बाईंनी माझ्या कामाला व्यवस्थित म्हटलेलं तेवढंच.

पुढे दीड वर्ष त्यांनी मला सोमवारच्या बैठकीत सोलून काढलं. "तुम्ही पेशंटला धीर देता. धीर त्याला शेजारीपाजारीही देतात, त्यासाठी कुणी तळघरात उतरत नाही." "तुमचा आवाज फार मऊ आहे. पेशंटने घरी झोपायचंय, इथे नाही." मीही काही कमी नव्हते. बाहेर आले की त्यांच्या चालण्याची, चष्मा पुसण्याची नक्कल करून बाकीच्यांना हसवायचे. एकदा मागे वळून पाहिलं तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, "चष्मा मी डाव्या हाताने पुसते."

दोन सह्या कशाबशा मिळाल्या. तिसऱ्या केसला आली ती कटिंगवाली.

कपड्यांच्या कारखान्यात ती कापड कापायची. लांबलचक टेबलावर कापडाचे सत्तर-ऐंशी थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून विजेचं उभं पातं फिरवायचं. एकवीस वर्षं ती हे करत होती. पन्नाशीला टेकलेली, दंड पैलवानासारखे, आणि डोळ्यांखाली काळं. चार वर्षं तिला धड झोप नव्हती.

"गोळी देणार का?" तिने बसायच्या आधी विचारलं.

"नाही."

"मग काय देणार?"

"वेळापत्रक."

"ते कारखान्यात आहे. भिंतीवर लावलंय. ते बघून कुणाला झोप आलेली मी पाहिली नाही."

मला ती आवडली नाही. तिलाही मी आवडले नाही. पण प्रशिक्षणाच्या शेवटच्या मूल्यमापनाला सात आठवडे उरले होते, आणि दुसरा पेशंट नव्हता.

इथे मी जे केलं ते नीट सांगते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे तास एकदम कापायचे नसतात. त्याला सावकाश न्यायचं, आठवड्याला अर्धा तास, हे मला पाठ होतं. पण सावकाश नेलं तर सात आठवड्यांत केस पुरी होत नव्हती. सोमवारच्या बैठकीत बाईंनी विचारलं, "काम काय करतात त्या?"

"कपड्यांच्या कारखान्यात आहेत," मी म्हटलं. "टेबलावरचं काम."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून पुढच्या केसकडे वळल्या.

मी कटिंगवालीला सांगितलं, पाच तास. एक ते सहा.

"मी मरेन," ती म्हणाली.

"नाही मरणार. मी स्वतः केलंय. पहिले तीन दिवस जड जातात, मग शरीर ऐकायला लागतं."

"स्वतः केलंय?"

"चौदा दिवस."

त्यावर ती पहिल्यांदा जरा सैल झाली. "मग ठीक आहे," म्हणाली. "केलेल्या माणसाचं ऐकते मी."

नवव्या दिवशी, भेट ठरलेली नसताना, सकाळी आठच्या आत ती आली. मी कोट घालत होते. तिने पिशवीतून एक स्टीलच्या जाळीचा हातमोजा काढला आणि माझ्या टेबलावर आपटला. कापणारे लोक पात्याशेजारच्या हातात घालतात तो. अंगठ्याजवळ जाळीच्या दोन कड्या तुटून वर आल्या होत्या.

"काल अकरा वाजता," ती म्हणाली. "डोळे उघडे होते माझे. उघड्या डोळ्यांनी झोपले मी. पातं रेघ सोडून हाताकडे आलं. मोजा नसता तर आज तुम्हाला चार बोटांनी मारलं असतं."

"बसा," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यात थोडा थकवा—"

"थोडा? ऐंशी थर वाया गेले. फोरमनने मला बटणांच्या टेबलावर बसवलंय. एकवीस वर्षांनी बटणं. पोरी विचारतात, मावशी, डोळे गेले का?"

माझ्या आणि बाईंच्या खोलीमधे एक काचेचं दार होतं. ते उघडलं. बाईंनी हातमोजा पाहिला, उचलला, तुटलेल्या कडीवर नख फिरवलं.

"टेबलावरचं काम," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.



"ह्यांना विचारा," कटिंगवाली बाईंना म्हणाली, "ह्यांनी खरंच केलंय का. म्हणे तीन दिवस जड जातं. पाचव्या दिवशी मी जिन्याची शेवटची पायरी विसरले. सहाव्या दिवशी बहिणीला तिच्याच मुलीच्या नावाने हाक मारली. आज नववा. ज्याने केलंय, तो तीन म्हणणार नाही."

बाई आत गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. माझी वही घेऊन त्या बाहेर आल्या, आणि ती माझ्या हातात न देता तिच्यापुढे ठेवली.

"वाचा," म्हणाल्या.

तिने पिशवीतून आपली वही काढून शेजारी ठेवली. तिच्या वहीत आठ ओळी होत्या, आणि एकही दुसरीसारखी नव्हती. एक ओळ वर चढत गेली होती, एकीत आकडा खोडून तोच पुन्हा लिहिला होता, सहाव्या ओळीच्या शेवटी पेन घसरून कागदाच्या काठापर्यंत रेघ गेली होती. तिने माझं पान बराच वेळ पाहिलं. मग कापडाची कड तपासावी तसा अंगठा वरून खाली फिरवला.

"हे चौदा दिवस नाहीत," ती म्हणाली. "हे एका थरात कापलंय."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

"चौदा कापडं एकावर एक घालून एकदा पातं फिरवलं, की चौदा तुकडे सारखे निघतात. कडेला कड बसते. तेच रोज एक कापून बघा, बसणार नाही. हात रोज वेगळा असतो. हिथे वरपासून खालपर्यंत एकच हात आहे, एकच बसणं. शेवटच्या तीन ओळींत घाई आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "जेवायला बोलावलं असेल कुणीतरी."

बोलावलं होतं. सासूबाईंनी, दोनदा.

धुलाईखान्यातलं यंत्र थांबलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून कोटाची एकच बाही घातली आहे. लाज वाटायला हवी होती. आला तो संताप, आणि तो आला बाईंचा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून. पान उजेडात धरलं की पेनाचा दाब दिसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येऊन सांगाल म्हणून थांबले."

"दीड वर्ष? आणि तोवर पेशंट माझ्या हाती देत राहिलात. मी 'टेबलावरचं काम' म्हटलं तेव्हाही तुम्हाला शंका आली होती. मी पाहिलंय तुमचं तोंड. मला धडा शिकवायचा होता तर माझ्या हाताने शिकवायचा होतात. हिच्या हाताने कशाला?"

"खोटं तुम्ही लिहिलंत."

"आणि ते तुम्ही जपून ठेवलंत."

"तुम्ही दोघी," कटिंगवाली म्हणाली, "माझ्या हातावर भांडू नका."

बाईंनी चष्मा काढला, डाव्या हाताने पुसला, घातला. मग हवामानाची बातमी वाचावी तशा आवाजात तिला म्हणाल्या, "चूक यांची आहे. तितकीच माझी आहे. तुमचे उपचार आजपासून मी करेन."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही पण नको. ह्याच करतील. फक्त माझे तास वाढवा आणि ह्यांचे कमी करा. ह्यांनी ते चौदा दिवस करायचे, आणि रोज सकाळी साडेसातला, मी कामावर जायच्या आधी, वही माझ्यापुढे. एक एक ओळ. एकदम नाही."

"मान्य," बाई म्हणाल्या.

मला कुणी विचारलं नाही.

"आणि माझी सही?" मी विचारलं. अजून आठवलं की कान तापतात, पण विचारलं खरं.

"बघू," बाई म्हणाल्या. "बघू म्हणजे बहुधा नाही."

घरी मी काहीच लपवलं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला एक वाजेपर्यंत जागं ठेवायचं. मी बसते. मला या वयात झोप येतच नाही. तुझ्यात काय काय खोट आहे ते एकेक करून सांगते, वेळ बरा जाईल." त्या खरंच बसल्या, रोज, समोरच्या खुर्चीत, शाल पांघरून. चौदा रात्रींत त्यांनी एकही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही. हे एकदा पाणी प्यायला उठले, तर त्यांना म्हणाल्या, "तू जा. तुझं नंतर."

चौथ्या दिवशी मी चहात मीठ घातलं. पाचव्या दिवशी जिन्याची शेवटची पायरी विसरले आणि तिथेच बसून राहिले, कारण तिची आठवण झाली. सातव्या दिवशी धुलाईखान्याच्या माणसाने गाडीला वाट द्या म्हटलं, एवढ्यावरून मला रडू आलं. सोमवारच्या बैठकीत मी बसल्या बसल्या झोपले. जाग आली ती बाईंच्या आवाजाने: "दिवसा डुलकी, एक, चार मिनिटं. लिहून ठेवा."

आणि रोज साडेसातला, धुलाईखान्याबाहेरच्या बाकावर, कटिंगवाली. डबा मांडीवर, वही हातात.

"हे काय लिहिलंय?"

"मलाही वाचता येत नाही."

"मग खरं असेल."

दहाव्या दिवशी मी तिला सांगितलं, की तिला पाच तास देताना ती काय करते हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी केवळ परीक्षेसाठी घाई केली. तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "ते मला त्याच दिवशी कळलं," म्हणाली. "तुम्ही सांगायला दहा दिवस घेतलेत. तुमच्या बाईंपेक्षा बऱ्या. त्यांनी दीड वर्ष घेतलं."

तिचे तास आम्ही सात केले आणि तिथून सावकाश खाली आलो, जसं पहिल्यापासून यायला हवं होतं. बटणांच्या टेबलावर ती अकरा आठवडे होती. त्या अकरा आठवड्यांबद्दल तिने मला कधी माफ केलं नाही आणि मी माफी मागितलीही नाही. मागून मिळणारी ती गोष्ट नव्हती. बाराव्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपायला लागली, आणि फोरमनने तिला पातं परत दिलं. शेवटच्या भेटीत तिने वही टेबलावर ठेवली, दारापर्यंत गेली, आणि म्हणाली, "मॅडम, हल्ली तुम्ही कमी बोलता. तेवढं चांगलं झालं."

मूल्यमापनाची तारीख केव्हाच टळून गेली होती. माझ्याबरोबरचे दोघे प्रमाणपत्र घेऊन गेले, एकाने पेढीसारखी खोली थाटून वर पाटीही लावली. मी आणखी सहा महिने बिनसहीची त्याच तळघरात येत राहिले. सासूबाई रोज विचारायच्या, "झाली का?" आणि मी "नाही" म्हटलं की "असू दे" म्हणायच्या. ते 'असू दे' टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग एका शुक्रवारी बाईंनी आत बोलावलं. टेबलावर तिसऱ्या केसचे कागद होते आणि माझी दुसरी वही. आकडे त्यांनी पाहिले नाहीत. सातव्या ओळीवर थांबल्या. तिथे माझं पेन घसरून पानाच्या बाहेर गेलं होतं, आणि कागदावर एक गोल डाग होता.

"हे काय?"

"चहा असेल. किंवा मी."

"अक्षर घाण आहे."

"हो."

"पहिल्या वहीतलं छान होतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद जवळ ओढला आणि सही केली. अभिनंदन नाही, बसा नाही. मी कागद उचलले. पहिली वही ड्रॉवरमध्ये तशीच होती, वरती तो तुटक्या कडीचा हातमोजा. दोन्हीपैकी काहीच त्यांनी मला परत दिलं नाही. पुढे अकरा वर्षं आम्ही त्या एका काचेच्या अल्याडपल्याड काम केलं, आणि आमचं कधी पटलं नाही.

मी दारापर्यंत पोचले होते.

"सोमवारी आठला या," बाई मागून म्हणाल्या. "नवीन मुलगी येतेय शिकायला. तिची वही तुम्ही बघायची."

"चौदा दिवसांनी?"

"रोज," बाई म्हणाल्या. "इथून पुढे रोज."